एकट्या कॉलनीचा स्वभाव

नोंदवहीच्या शेवटच्या रकान्यात तिनं आडवी रेघ मारली होती. बाकी सगळं चोख भरलेलं. नमुना कोणत्या दुधाचा, किती पातळ केला, माध्यम कोणतं, इनक्युबेटरचं तापमान किती, कॉलनीचा, म्हणजे एका जिवाणूपासून वाढलेल्या ठिपक्याचा, रंग, कड गुळगुळीत की दातेरी, ग्रॅम स्टेन या रंगचाचणीला जांभळा, कॅटलेज या एन्झाइमच्या चाचणीला बुडबुडे नाहीत, सूक्ष्मदर्शकाखाली जोडीजोडीनं आणि आखूड माळांत दिसणारे गोल. आणि ‘उपयुक्त आहे का’ या रकान्यात रेघ. हा रकाना कुणी आखला ते मला ठाऊक नाही. मी कामाला लागले त्याआधीपासून तो आहे आणि सगळे त्यात सवयीनं ‘होय’ लिहीत आलेत. निरशा दुधातून लॅक्टिक अ‍ॅसिड करणारा जिवाणू वेगळा काढला म्हणजे तो चांगलाच असणार, असं धरून चालायचं. काम शिकायला आलेली मुलगी ती, तिला मी विचारलं, “हा का सोडलास गं?” तिनं वर पाहिलं आणि सरळ म्हणाली, “मॅडम, त्यानं अजून काही केलंय कुठे?”

मला हसू आलं. पण ती रेघ डोक्यातून जाईना.

निरसं दूध हातात घेताना मला अजूनही किंचित धास्ती वाटते. दिसायला इतका निरुपद्रवी दुसरा नमुना नाही. पांढरा, कोमट, किंचित गोडसर वासाचा. पण त्यात सडाच्या कातडीवरचे, भांड्याच्या सांध्यातले, चाऱ्यावरचे, शेणातले, दूध काढणाऱ्याच्या हातावरचे आणि हवेतून पडलेले असे सगळे एकदम उतरलेले असतात. स्वच्छपणे काढलेल्या दुधात मिलिलिटरमागे काही हजार, हलगर्जीपणानं काढलेल्यात ही संख्या लाखांच्या घरात जाते. या गर्दीत आपल्याला हवे असलेले लॅक्टिकवाले पुष्कळदा थोडेच असतात. म्हणून काही जण दूध आधी तिसेक अंश सेल्सियसला तसंच ठेवून देतात आणि निवडीचं काम दुधावरच सोपवतात. लॅक्टिकवाले दुधातली साखर खाऊन आम्ल सोडतात, पीएच ६.७ च्या आसपासवरून खाली घसरत जातो, आणि ४.६ ला प्रथिनं एकमेकांना धरून बसतात. वाटेत बऱ्याच इतरांचा धीर सुटतो. दूध आंबतं ते आपल्यापुरतं. आत चालू असते ती जागा बळकावण्याची रीतसर लढाई, आणि आम्ल हे तिथलं हत्यार.

लहानपणी घरात दुधाचा निवाडा नाकानं व्हायचा. आई पातेल्यावरचं झाकण काढून क्षणभर वाकायची आणि एका शब्दात निकाल द्यायची. मला तेव्हा तिच्या नाकाचा हेवा वाटायचा, कारण मला काहीच कळायचं नाही. दूध म्हणजे दूध. पुढे प्रयोगशाळेत आल्यावर लक्षात आलं की तिला बरंच कळत होतं. आंबटसर वास आणि कुजका वास यांत ती फरक करायची. पहिल्याचा उपयोग व्हायचा, दुसरं सरळ बाहेर. थंडीत साठवलेल्या दुधात बहुतेक लॅक्टिकवाले गप्प बसतात आणि स्यूडोमोनाससारखे थंडी सोसणारे हातपाय पसरतात. ते आम्ल करत नाहीत, प्रथिनं आणि चरबी फोडतात, त्यातून तो कडवट, कुबट दर्प येतो. पण लिस्टेरिया या रोग करणाऱ्या जिवाणूला कसलाच वास नसतो, आणि तो शीतकपाटातही सावकाश वाढत राहतो. आईचं नाक तिथं थकलं असतं, माझंही थकेल.

हे इथंच सांगून टाकते, कारण दर वेळी कुणीतरी विचारतंच. निरशा दुधातून चांगले जिवाणू काढता येतात याचा अर्थ निरसं दूध प्यावं असा होत नाही. त्याच दुधात ब्रुसेला, कॅम्पिलोबॅक्टर, साल्मोनेला हे रोग करणारे असू शकतात. ७२ अंशांवर १५ सेकंद किंवा ६३ अंशांवर अर्धा तास, एवढ्यानं त्यांचा बंदोबस्त होतो. ती तसदी घ्यावी.

तर काम असं चालतं. नऊ मिलिलिटर पेप्टोनच्या, म्हणजे आधीच तोडलेल्या प्रथिनांच्या, पाण्यात एक मिलिलिटर दूध. ढवळून त्यातलं एक मिलिलिटर पुढच्या नळीत. त्यातलं पुन्हा पुढच्या. पहिली नळी पांढुरकी, दुसरीत निळसर झाक, तिसरी-चौथीत दुधाचा मागमूस नसतो. डोळ्याला ते नुसतं पाणी दिसतं, आणि नेमकं तेच पाणी आपल्या उपयोगाचं असतं, कारण गर्दी आता विरळ झालेली असते. त्यातला मिलिलिटरचा दहावा हिस्सा प्लेटवर पसरायचा आणि दोन-तीन दिवस वाट पाहायची. प्लेटवर तीस ते तीनशे कॉलन्या आल्या तर मोजणी भरवशाची, त्याहून जास्त आल्या तर सगळा चिखल. माध्यमात कॅल्शियम कार्बोनेट घातलं असेल तर प्लेट धुकट असते आणि आम्ल करणाऱ्या कॉलनीभोवती एक पारदर्शक कडं उमटतं. इनक्युबेटर उघडून प्लेट उजेडाकडे धरली की ती कडी आधी दिसतात, कॉलन्या नंतर. एवढी वर्षं झाली तरी मी त्या क्षणाला जरा हावरटासारखीच वागते. हातमोजे नीट चढायच्या आत प्लेट उचलायला जाते.

विरळ करत करत एकट्याला गाठायची ही युक्ती दुधावरच पहिल्यांदा साधली, हे मला फार आवडतं. जोसेफ लिस्टर म्हटलं की शस्त्रक्रिया, कार्बोलिक अ‍ॅसिड, जखमा आठवतात. पण जखम सडते कशानं या प्रश्नापायीच तो आंबणाऱ्या दुधाकडे वळला. ज्यावर कॉलन्या सुट्या वाढतात ते अगारचं घन माध्यम तेव्हा नव्हतं. पेट्रीची डिश आली १८८७ मध्ये, आणि फॅनी हेस यांनी सुचवलेला अगार जिवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत पोचला तो १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला. लिस्टरनं आंबलेल्या दुधाच्या थेंबात किती जिवाणू आहेत याचा सूक्ष्मदर्शकाखाली अंदाज घेतला, मग ते दूध उकळून थंड केलेल्या पाण्यात इतकं पातळ केलं की एका थेंबात सरासरी एखादाच जिवाणू यावा, आणि असे थेंब उकळलेल्या दुधाच्या ग्लासांत सोडले. काही ग्लासांतलं दूध थिजलं, काहींतलं जसंच्या तसं राहिलं. जिथं थिजलं तिथं एकाच रूपाचा जिवाणू. त्यानं त्याला ‘बॅक्टेरियम लॅक्टिस’ म्हटलं आणि १८७८ मध्ये हे काम छापून आलं. आज आपण त्याला लॅक्टोकॉकस लॅक्टिस म्हणतो. शुद्ध कल्चर म्हणून मिळालेला हा बहुधा पहिलाच जिवाणू, आणि तो एका शल्यविशारदाच्या हाती लागला. मला त्यातले न थिजलेले ग्लास जास्त विश्वासाचे वाटतात. सगळेच थिजले असते तर काहीच सिद्ध झालं नसतं.

आपली सोय लिस्टरपेक्षा पुष्कळ मोठी. एमआरएस नावाचं तपकिरी, यीस्ट आणि मांसाच्या अर्काच्या जड वासाचं माध्यम आहे. डी मान, रोगोसा आणि शार्प यांनी १९६० मध्ये ते बसवलं, कारण त्याआधी टोमॅटोच्या रसावर लॅक्टोबॅसिलस, म्हणजे कांडीच्या आकाराचे लॅक्टिकवाले, वाढवायचे आणि तो रस दर वेळी वेगळाच निघायचा. त्यात अ‍ॅसिटेट आणि सायट्रेट असतात, त्यामुळे बऱ्याच आगंतुकांना तिथं करमत नाही. गोल आकाराच्या लॅक्टोकॉकसांसाठी १९७५ पासून एम१७ आहे, ज्यातलं ग्लिसरोफॉस्फेट त्यांनीच केलेल्या आम्लापासून त्यांना वाचवतं. दोन्ही उत्तम. पण ही निवड करताना आपण किती बोलून टाकतो! एमआरएसवर दूध पसरलं की, मला लॅक्टोबॅसिलस हवाय, असं आपण आधीच सांगितलेलं असतं. जे आलं नाही ते दुधात नव्हतं, की आपण त्याला बोलावलंच नाही, हे प्लेट सांगत नाही. शिवाय जे यायला नको ते येतंही. एन्टेरोकॉकस हा आतड्यात राहणारा गोल जिवाणू एमआरएसवर मजेत वाढतो.

ग्रॅम स्टेन पहिल्यांदा जमला तेव्हाचा माझा आनंद आठवतो. क्रिस्टल व्हायोलेटनं बोटं रंगलेली, नळाखाली स्लाइड धरताना हात थरथरत होता. अल्कोहोल किती सेकंद सोडायचं हे पुस्तकात असतं, पण खरं ते सरावानंच कळतं. थोडं जास्त झालं की जांभळे गुलाबी होतात, आणि जुन्या कल्चरमध्ये तर निम्मे इकडे, निम्मे तिकडे. आमचे सर म्हणायचे, पुस्तकातलं चित्र काढू नका, दिसतंय ते काढा. मी भिंगाखाली जे पाहिलं ते पुस्तकापेक्षा अस्वच्छ होतं, आणि म्हणून खरं वाटलं. हान्स ख्रिश्चन ग्रॅमनं १८८४ मध्ये बर्लिनमध्ये ही पद्धत छापली तेव्हा ती अजून सदोष आहे असं स्वतःच लिहून ठेवलं होतं. आज जगभरच्या प्रयोगशाळा दिवसाची सुरुवात तिनं करतात.

मग कॅटलेज. कॉलनीचा कण स्लाइडवर घ्यायचा, हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि थांबायचं. फेस आला तर हा आपला नव्हे. काहीच झालं नाही तर आपला. काहीच न होण्याची इतक्या आतुरतेनं वाट पाहायला लावणारी दुसरी चाचणी मला माहीत नाही. लिस्टेरियाही जांभळाच, तोही कांडीसारखा, पण पेरॉक्साइडचा थेंब पडताच फसफसतो, स्टॅफिलोकॉकसचं तसंच. म्हणून जांभळा आणि बिनबुडबुड्यांचा दिसला की आपण सुटकेचा श्वास टाकतो आणि शेवटच्या रकान्यात ‘होय’ लिहितो.

आणि इथंच ती रेघ मला अडवते. स्ट्रेप्टोकॉकस अ‍ॅगॅलॅक्टी नावाचा जिवाणू आहे. दुभत्या जनावराच्या कासेला सूज आणणारा, माणसाच्या नवजात बाळाला गंभीर आजार देऊ शकणारा. तोही जांभळा, तोही गोल, तोही माळेत, त्यालाही कॅटलेज नाही. कासेला संसर्ग असला तर तो निरशा दुधात उतरतोच. आपल्या पहिल्या तिन्ही चाचण्यांतून तो मान वर करून निघून जातो. या चाचण्या कूळ सांगतात, वागणूक नाही. आडनाव कळलं म्हणून माणूस कळला असं आपण शेजाऱ्याबद्दलही म्हणत नाही, मग जिवाणूबद्दल इतक्या लगबगीनं का म्हणतो?

त्यापुढची ओळख पटवण्याची साधनं आता इतकी आहेत की पूर्वीच्या लोकांना हेवा वाटावा. वेगवेगळ्या साखरांच्या लहान लहान कप्प्यांत कल्चर घालायचं आणि रंग बदलतो का पाहायचं. ही जुनी रीत मला अजून प्रिय आहे, कारण त्यात जिवाणू स्वतः काहीतरी करून दाखवतो. जिवाणूंची ओळख पटवायला वापरतात त्या १६एस जनुकाची सुमारे १५०० अक्षरं वाचायची, ती जगभरच्या नोंदींशी ताडायची. निकाल टक्क्यांत येतो आणि तो ९९.८ वगैरे असला की खोलीतलं वातावरण एकदम सैल होतं. पण प्लांटारम, पेंटोसस आणि पॅराप्लांटारम ही लॅक्टोबॅसिलसची भावंडं १६एसवर एकमेकांपासून सुटत नाहीत; त्यांच्यासाठी दुसरी जनुकं काढावी लागतात. त्यात २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस ही प्रजातीच फोडून तिच्या २६० हून अधिक जाती २५ प्रजातींत वाटल्या गेल्या. आमच्या शीतपेटीतल्या निम्म्या कुप्यांवरची नावं एका दिवसात जुनी झाली. आतल्या जिवाणूंना त्याचं काही नव्हतं.

मला खरी भुरळ पडते ती दह्यातल्या स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलसची. याच्याच प्रजातीतले काही नातेवाईक घसा धरणारे, फुप्फुसं बिघडवणारे. २००४ मध्ये याचा संपूर्ण जनुकक्रम वाचला गेला तेव्हा दिसलं की त्याची दहाएक टक्के जनुकं मोडून पडलेली आहेत, आणि नातेवाइकांना रोग करायला मदत करणारी बरीच जनुकं त्याच्याकडे एकतर नाहीत किंवा निकामी आहेत. दुधात हजारो वर्षं राहून त्याचं ते सामान गळून पडलं. म्हणजे त्याचा चांगुलपणा बराचसा काय उरलं नाही यावर बेतलेला आहे. याउलट एन्टेरोकॉकस. १० अंशांवरही वाढतो, ४५ वरही, साडेसहा टक्के मिठातही, ९.६ पीएचलाही, १९३७ मध्ये शर्मन यांनी त्याची ही चिवट लक्षणं मांडून ठेवली. काही चीजमध्ये त्याच्याचमुळे चव येते. त्याचेच भाऊबंद रुग्णालयांत व्हँकोमायसिन या प्रतिजैविकाला दाद न देता माणसं अंथरुणाला खिळवतात. जात तीच. मग रकान्यात काय लिहायचं?

दुसरी एक गोष्ट मला त्याहून जास्त छळते. एखाद्याला वेगळं काढणं म्हणजे त्याची संगत तोडणं. दह्यातला थर्मोफिलस आणि त्याचा जोडीदार बल्गेरिकस एकमेकांवर जगतात: एक फॉर्मिक अ‍ॅसिड आणि कार्बन डायऑक्साइड पुरवतो, दुसरा दुधातली प्रथिनं तोडून त्याचे तुकडे सोडतो. एकेकटे टाकले तर दोघंही रेंगाळतात. लॅक्टोकॉकसांमध्ये तर याहून गंमत. प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमचं जनुक त्यांच्यात बहुधा प्लाझमिडवर, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर, असतं, आणि प्लाझमिड हरवू शकतो. ज्यांचा हरवतो ते दुधात इतरांनी तोडलेल्या तुकड्यांवर आरामात वाढतात, एन्झाइम बनवण्याचा खर्च नाही की काही नाही. आणि आपण हे सगळे उचलून एमआरएस किंवा एम१७ वर आणतो, जिथं पेप्टोन आधीच भरपूर. प्लेटवर कष्टाळू आणि ऐतखाऊ यांच्या कॉलन्या शेजारी शेजारी बसतात. दोन्ही मलईच्या रंगाच्या, दोन्ही एक-दीड मिलिमीटरच्या, दोन्हींभोवती कडं. लूपनं, म्हणजे टोकाला कडी असलेल्या तारेनं, कुणाला उचलायचं हे त्या क्षणी माझ्या हाताच्या सोयीवर ठरतं. जी कॉलनी जरा सुटी आहे ती. मग दुधात परत सोडल्यावर कळतं की एकानं रात्रीत दूध घट्ट बसवलं आणि दुसऱ्याचं सकाळीही पाणीदार आहे. आपण त्याला ‘मंद वाण’ म्हणून बाजूला ठेवतो. पण मूळच्या दुधात, त्या गर्दीत, तो काय करत होता? कदाचित काहीच नाही. कदाचित लोण्याचा तो मंद वास देणारं डायअ‍ॅसिटिल त्याच्याचकडून येत असेल. एकट्यानं उभा करून विचारलं की तो सांगू शकत नाही.

तरीही मी वेगळं काढण्याच्या विरोधात नाही. संगतीचं कौतुक करत बसलं की कुणाचीच जबाबदारी ठरत नाही. एकटा काढल्याशिवाय त्याच्यात टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाला न जुमानणारं जनुक आहे का, ते तो आतड्यातल्या इतरांना देऊ शकतो का, रक्ताच्या प्लेटवर तो रक्तपेशी फोडतो का, हे तपासताच येत नाही. पोटातल्या आम्लात आणि पित्तात तो टिकतो का हेही नाही. २००१ मध्ये जागतिक अन्न आणि आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञांनी प्रोबायोटिकची जी व्याख्या केली ती कोरडी आहे, पण तिच्यातला प्रत्येक शब्द आपल्या उत्साहाला वेसण घालतो: जिवंत असला पाहिजे, पुरेशा संख्येनं गेला पाहिजे आणि ज्याच्या पोटात गेला त्याला त्याचा आरोग्यासाठी फायदा झाला पाहिजे. शेवटची अट प्लेटवर पूर्ण होतच नाही. ती माणसांवरच्या चाचण्यांतच होते, आणि तीही त्या एका वाणापुरती. त्याच जातीच्या शेजारच्या कुपीतल्या वाणाला ते प्रमाणपत्र चालत नाही.

त्या मुलीची रेघ म्हणजे आळस नव्हता, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. खटकलं ते वेगळं. ‘होय’ लिहिण्यात एक सुख आहे; इतके दिवस खपून, इतकी काचेची भांडी धुऊन हाती लागलेला जीव चांगला असावा असं वाटतंच. आपण शोधलं म्हणजे ते मोलाचं. तिला अजून हे सुख लागलेलं नाही. आता तो जिवाणू दुधात एकटा आणि सोबतीनं असा दोन्ही रीतींनी लावायचा ठरलाय, रक्ताची प्लेट आणि प्रतिजैविकांच्या चकत्या त्याच्याही आधी. निकाल बरे आले तरी तो रकाना भरायला ती तयार होईल असं वाटत नाही, आणि मी तिला आग्रह करणार नाही.

मला मात्र एक खोड लागली आहे. दुकानात ‘चांगले जिवाणू असलेलं’ असं मोठ्या अक्षरात छापलेला डबा दिसला की मी तो उलटा करून बारीक अक्षरं वाचते. प्रजाती आणि जातीच्या नावापुढे वाणाची खूण, म्हणजे काही अक्षरं किंवा आकडे, असतील आणि शेवटच्या तारखेपर्यंत जिवंत राहणारी संख्या दिली असेल तर पुढे वाचते. नुसतं जातीचं नाव असेल तर डबा जागेवर ठेवते. सोबतची माणसं म्हणतात, किती चिकित्सा करतेस, चल आता. मी म्हणते, थांबा, अजून दोन डबे राहिलेत.